कडक आजींची कपडेखोली

नोकरीतून निवृत्त होऊन मला सात वर्षं झाली. औषधांची नावं आता पटकन आठवत नाहीत, पण आमच्या शुश्रूषागृहातल्या कपडेखोलीचा वास अजून नाकात आहे. गरम सुती कापड, साबण आणि थोडी वाफ. खरं तर त्या खोलीशी माझं काही काम नसायचं. मी वरच्या मजल्यावरची सिस्टर. तिथं माझी पावलं वळली ती कडक आजींमुळे.

हे नाव आम्हीच पाडलेलं. एका मोठ्या हॉटेलात त्यांनी चौतीस वर्षं चादरींना इस्त्री केली होती, आणि स्वभावालाही खळ जरा जास्तच बसली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि त्या व्हीलचेअरमधून आमच्याकडे आल्या. हाड सांधलं, पण आजी काही उठेनात. फिजिओ बाई रोज येऊन दहा पावलं चालायला सांगायच्या. आजी शांतपणे विचारायच्या, "दहा पावलांवर काय आहे?" तिथं नुसती भिंत होती. फिजिओ बाई वैतागून 'सहकार्य नाही' असं लिहून जायच्या.

आम्ही तरी कुठे शहाण्या होतो? सकाळी बारा जणांना तयार करायचं, म्हणून आजींची बटणं आम्हीच लावायचो, केस आम्हीच विंचरायचो. त्यांना यातलं बरंच जमलं असतं, पण आम्ही केलं की पटकन उरकायचं. रविवारी लेक यायची, ती मायेनं घास भरवायची. धडधाकट हातांची बाई मांडीवर हात ठेवून बसून राहायची.

एकदा मी त्यांची चादर बदलत होते. त्या शेजारी खुर्चीत. त्यांनी कपाळाला आठी घातली, पुढे वाकल्या आणि तळहातानं चादर मधून कडेकडे सपाट करत गेल्या. पलीकडच्या कडेला हात पुरेना, तेव्हा खुर्ची सोडून चक्क उभ्या राहिल्या. उठल्याचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मी माझ्या बाजूचं टोक धरून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी मेट्रनबाईंकडे गेले. आजींना रोज थोडा वेळ खाली कपडेखोलीत नेऊ द्या म्हणाले. मेट्रनबाईंनी पडल्या तर काय, भाजलं तर काय, असं बरंच विचारलं. शेवटी पंधरा दिवस मिळाले. इस्त्री नाही, कमरेला पट्टा बांधायचा आणि तो मी धरायचा. खाली लॉन्ड्रीतले काका होते. आपल्या फळ्यांना ते कुणाला हात लावू देत नसत. कुरकुरत का होईना, त्यांनी घड्या घालायचं टेबल रिकामं करून दिलं.

पहिल्या दिवशी आजी दोन मिनिटं उभ्या राहिल्या. चार नॅपकिनांच्या घड्या झाल्या, तोवर दमल्या. खुर्चीत बसल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, उद्या किती वाजता?

पंधरा दिवस संपले, मेट्रनबाईंनी मुदत वाढवून दिली. तिसऱ्या आठवड्यात त्या खुर्ची दाराशीच थांबवायला लावू लागल्या, मग व्हरांड्याच्या अर्ध्यावर. पुढे वॉकर धरून लिफ्टपासून चालत यायच्या. चुरगळलेल्या कपड्यांत कामावर कोण जातं, म्हणून बटणं स्वतः लावायला लागल्या. त्याला अकरा मिनिटं लागायची. तेवढा वेळ मी माझे हात पाठीमागे बांधून उभी राहायचे. सुई टोचायला शिकले तेव्हाही मला इतकं जड गेलं नव्हतं.

घड्या घालताना आजी बोलायच्या. हॉटेलच्या तळघरात बारा बायका रांगेनं उभ्या असायच्या. एकीला हसू आलं की रांगेच्या टोकापर्यंत पोचायचं. घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून लेकीला बरोबर न्यायच्या. ती वाळलेल्या टॉवेलांच्या ढिगात झोपायची.

तीच लेक एका मंगळवारी अचानक आली. आई घामाघूम होऊन टेबलाशी उभी असलेली पाहून तिचा चेहरा उतरला. ती मला म्हणाली, "सिस्टर, आयुष्यभर तिनं दुसऱ्यांचे कपडे नीट केले. आता तरी ते सुटावं म्हणून तिला इथं आणलं. तुम्ही तिला पुन्हा कामाला जुंपलंत?"

मी काहीबाही सांगायला गेले, पण बाहेरून बघणाऱ्याला तसंच दिसणार होतं. आजींनी मात्र मान न वळवता चादर तिच्याकडे सरकवली. "तिकडचं टोक धर."

तिनं सवयीनं धरलं. दोघी मागे सरकल्या, कापड ताणलं, मग घडी घालत एकमेकींकडे आल्या. शेवटच्या घडीला दोघींचे हात एकत्र आले, तेव्हा आजी म्हणाल्या, "तू भरवतेस ना, तेव्हा मी पेशंट होते गं. इथं उभी राहिले की कामावरची बाई असते. मला ती बरी वाटते."

लेकीनं घडी टेबलावर ठेवली. मग पुढची चादर तिनंच उचलली, नाकाशी धरली आणि म्हणाली, "टॉवेलांच्या ढिगात असाच वास यायचा, आई."

लेकीच्या घराला आठ पायऱ्या होत्या. आजींनी तिथं एकदा जेवायला जायचं मनावर घेतलं आणि आता फिजिओ बाईही पदर खोचून मागे लागल्या. दोन महिने आम्ही मागच्या जिन्यावर चढउतार केली. एका दुपारी आजी कठड्याला धरून लेकीच्या आठही पायऱ्या चढल्या, तिच्याकडे जेवल्या, स्वतःच्या हातानं. संध्याकाळी दमून परतल्या. कसं होतं घर, मी विचारलं. म्हणाल्या, घर छान ठेवलंय, पण पडद्यांची दशा बघवत नाही.

पुढे त्या साडेतीन वर्षं आमच्याकडेच होत्या. शेवटचे दोन महिने अंथरुणातच गेले. लेक रोज यायची. लहान टॉवेल आजींच्या मांडीवर ठेवायची आणि दोघी हळूहळू घड्या घालायच्या. हात थकले तेव्हा लेक एकटीच घालायची आणि आजी बघत असायच्या.

त्या गेल्या ती दुपारची वेळ होती. लॉन्ड्रीतले काका पहिल्यांदाच वरच्या मजल्यावर आले. पलंगाच्या पायथ्याशी पाच मिनिटं उभे राहिले. मग खाली मशीन चालू आहे, असं कुणालाच न उद्देशून म्हणाले आणि निघून गेले.