बेटावरचं ‘हाय’

बोटीतून उतरेपर्यंत आक्काताईचा जीव मेटाकुटीला आला. जपानला येऊन महिना झाला, पण पोटच्या पोराशी निवांत बोलणं कसलं ते नाही. प्रसेनजीत सकाळी कंपनीत जायचा, तो रात्री पार पिचून यायचा. परवा तिचं परतीचं विमान होतं. नेसरीहून ती एकच प्रश्न घेऊन आली होती, हा कायमचा घरी कधी येणार, आणि तो अजून तोंडातच होता.

आज कुठं त्याला सुट्टी मिळाली, तर पठ्ठ्या तिला मांजरं दाखवायला घेऊन आला! माणसं कमी अन् मांजरं जास्त, म्हणून म्हणे हे बेट प्रसिद्ध. बुद्धाच्या देशाला चाललीस म्हणून विहारातल्या बायकांनी हार घालून धाडलं होतं. त्यांना जाऊन आता मांजरं सांगायची. धक्क्यावर, जाळ्यांवर, कुलूपबंद घरांच्या पायऱ्यांवर मांजरं ऐसपैस पसरली होती. काम ना धाम. आक्काताईला त्यांचा हेवाच वाटला.

एका दारात एक म्हातारी त्यांना माशांचे तुकडे टाकत बसली होती. तिनं सरकून आक्काताईला जागा दिली. तेवढ्यात प्रसेनजीतचा मोबाइल वाजला, अन् न दिसणाऱ्या साहेबापुढं कमरेत वाकत तो लांब गेला.

गप्प बसणं आक्काताईच्या स्वभावातच नव्हतं. “पोरंबाळं हाईत न्हवं?” तिनं विचारलं.

“हाय,” म्हातारी मान डोलावून म्हणाली.

आक्काताई चाट पडली. ही तर आपल्यातलंच बोलते की! “लांब असत्यात?”

“हाय.”

“पर येत्यात न्हवं घरला?”

“हाय, हाय.”

आक्काताईचा निम्मा शीण उतरला. प्रसेनजीत येताच ती म्हणाली, “बघ, हिची पोरं येत्यात घरला. तुला काय धाड भरलीया?”

प्रसेनजीत म्हातारीशी तिच्या भाषेत बोलला. आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. “आई, तिला तुझं एक अक्षरबी कळलं न्हाय. हिकडं हाय म्हंजे व्हय. आन् कवा कवा नुसतं, ऐकतोय, बोला, एवढंच. ल्योक शहरात असतोय तिचा. लई वर्सं आला न्हाय.”

म्हातारी अजून हसून मान डोलावतच होती. आक्काताई तिच्याकडं बघत राहिली. दर रविवारी फोनवर ती प्रसेनजीतला विचारायची, “येणार हाईस न्हवं?” तो म्हणायचा, “हाय, आई, हाय.” त्या एका शब्दाच्या जिवावर तिनं माडीवर त्याच्यासाठी खोली चढवली होती, गडहिंग्लजच्या दोन पोरी बघून ठेवल्या होत्या.

“आन् तू फोनवर म्हनायचास, ते कंचं हाय?”

बोट यायला अवकाश होता. प्रसेनजीतला जायला जागा नव्हती. खाली मान घालून तो म्हणाला, “ऐकत हुतो, आई.”

तिला संताप यायला हवा होता, पण संतापायलाही अंगात ताकद लागते. तिचे डोळे भरून आले.

“आदीच सांगायचं न्हाय व्हय,” ती म्हणाली. “वाट बघून लई दमले रं मी.”