सहाव्या पानाचा खालचा कोपरा

मी एक जुना मायक्रोफिल्म रीडर आहे. नाव ऐकून दचकू नका, मित्रांनो! काम अगदी साधं. वर्तमानपत्राच्या एकेका पानाचा नखाएवढा फोटो काढून तो लांबलचक फिल्मवर साठवतात. त्या फिल्मची गुंडाळी माझ्या चकरीवर चढवायची, दिवा लावायचा आणि हँडल फिरवायचं. की ते नखाएवढं पान माझ्या पडद्यावर पुन्हा मोठं होऊन उभं राहतं. मला भिंग एकच, म्हणून मुलं मला एकडोळ्या म्हणत. म्हणोत बापडी! दोन डोळेवाल्यांना जे दिसत नाही ते मी दाखवायचो.

कारखान्यातून मी या ग्रंथालयात आलो तो पेंढ्यात गुंडाळून. हमाल मला जिन्यावरून चढवत होते आणि मोठे सर, म्हणजे तेव्हाचे ग्रंथपाल, उलटे चालत ओरडत होते, "हळू रे बाबांनो! काचेचं काळीज आहे त्याचं!" पुढे कितीतरी वर्षं सरांनी मला रोज सकाळी मऊ फडक्याने स्वतः पुसलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

काय दिवस होते ते! पत्रकारिता शिकणारी मुलं माझ्यासमोर रांग लावायची. एकाचा नंबर संपत नसे तोवर दुसरा त्याच्या पाठीशी खाकरायला लागे. कुणी जुनी निवडणूक शोधायचं, कुणी बंद पडलेल्या गिरणीची हकिगत. मग एखादा हवं ते पान दिसल्यावर भान विसरून "सापडलं!" म्हणून ओरडायचा, आणि सगळं वाचनालय एका सुरात "शूऽऽ!" करायचं. तो "शूऽऽ" मला फार आवडायचा. कुणाला तरी काही मिळालं, अशी ती दवंडीच असायची.

सरांचा एक नियम होता. बातमी सापडली म्हणून उठायचं नाही. "पुढचे आठ-दहा दिवस फिरवून बघ," ते म्हणायचे. "वर्तमानपत्र चुकतं रे. आणि चुकतं पहिल्या पानावर, कबूल करतं आतल्या पानावर!" मुलं कुरकुरायची, पण फिरवायची.

मग सर निवृत्त झाले आणि कॉम्प्युटर आला. कानामागून आला आणि तिखट झाला! शब्द टाइप केला की पान हजर. माझी रांग आटली. माझ्यावर टेबलक्लॉथ आला, त्यावर फुलदाणी आली, आणि हँडलावर लोक छत्र्या टांगू लागले. छत्र्यांच्या वजनाने हँडलाची पकड सैल झाली. जरा जोरात फिरवलं की चकरी आपली आपणच गरागरा सुटायची. बसच्या भाषेत सांगायचं तर माझे ब्रेक गेले होते. बसची आठवण उगाच नाही काढली. ऐका.

एका दुपारी कॉलेजच्या साप्ताहिकाची एक वार्ताहर मुलगी धापा टाकत आली. आताच्या ग्रंथपाल बाई तिला घाईबाईच म्हणतात. गावातला जुना पूल पाडायचा होता, म्हणून साप्ताहिक खास अंक काढणार होतं. तिचे आईबाबा शाळेत असतील त्या काळी एक बस त्या पुलावरून खाली कोसळली होती. तिने कॉम्प्युटरवर बसचालकाचं नाव टाकून बातमी काढली, लेख लिहिला आणि मथळाही दिला, 'दारुड्या चालकाने बस नदीत घातली'. आता फक्त फोटो हवा होता. कॉम्प्युटरवर तो नुसता काळा डाग दिसत होता.

"बाई, लवकर! संध्याकाळी अंक छापायला जातोय."

"अगं, दम खा. पी हळद आणि हो गोरी, असं नाही होत इथे," म्हणत बाईंनी माझ्यावरचा टेबलक्लॉथ काढला आणि त्या महिन्याची गुंडाळी चढवली. किती दिवसांनी माझा दिवा लागला! काळीज काचेचं असलं तरी धडधडलं हो.

बसचा फोटो स्वच्छ दिसला. पोरीने मोबाइलवर तो टिपून घेतला आणि उठता उठता फिल्म गुंडाळायला हँडल फिरवलं. तेही घाईत उलट्या बाजूला, जोरात. झालं! चकरी सुटली. पानांमागून पानं, दिवसांमागून दिवस पुढे पळाले.

"काय वैताग आहे हे डबडं!" ती ओरडली आणि तिने चकरी हाताने दाबून धरली. पडद्यावर पान सहा थांबलं. पुढच्या आठवड्यातलं. खालच्या कोपऱ्यात चार ओळी होत्या. 'खुलासा : पुलावरील अपघातातील बसचे ब्रेक निकामी असल्याचे तपासात निष्पन्न झाले आहे. चालकाने मद्यप्राशन केले नव्हते. आधीच्या वृत्ताबद्दल दिलगीर आहोत.'

त्यात चालकाचं नाव नव्हतं. मग कॉम्प्युटर तरी कुठून दाखवणार? बिचाऱ्याला विचारलं तेवढंच त्याने सांगितलं.

पोरीने त्या चार ओळी पुन्हा वाचल्या. "बाई, मी तर उद्या त्यांना पुन्हा दारुड्या ठरवणार होते."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "ते बसचालक आजोबा अजून आहेत गं. माझे कपडे शिवते ना, समोरच्या गल्लीतली, तिचे वडील."

घाईबाईने तिथूनच संपादकाला फोन लावला. "दादा, माझा लेख थांबव. नाही, उशीर झाला तरी चालेल. थांबव!" आणि ती समोरच्या गल्लीत पळाली.

थोड्या वेळाने शिवणकाम करणाऱ्या ताई आल्या, गळ्यात टेप तसाच. हाताला धरून वडिलांना आणलं होतं. आजोबांना माझ्यासमोर बसवलं. ते त्या चार ओळींवर बोट ठेवून कितीतरी वेळ बघत राहिले. पडद्याला बोट लावायची मनाई आहे, पण बाईंनी उलट त्यांची खुर्ची आणखी जवळ सरकवली.

"हे छापून आलं तेव्हा मी इस्पितळात होतो," आजोबा म्हणाले. "घरी आलो तोवर गावाने ठरवून टाकलं होतं. सांगत राहिलो. दाखवायला कागद कुठे होता?"

ताईंचा बांध फुटला. "बाबा, लहानपणी मीसुद्धा तुम्हाला विचारलं होतं. खरंच नव्हतात ना प्यायला, म्हणून."

"विचारलं होतंस," आजोबा म्हणाले. "मग आता वाच. मोठ्याने वाच."

ताईंनी वाचलं. आवाज शेवटच्या टेबलापर्यंत पोचला. सगळं वाचनालय माना वर करून ऐकत होतं. मित्रांनो, त्या दिवशी कुणीही "शूऽऽ" केलं नाही.

अंक दोन दिवस उशिरा निघाला. चार ओळी पहिल्या पानावर आल्या, या खेपेला नावासकट. नंतर दुरुस्तीवाला आला. त्याने माझं भिंग पुसलं, दिवा बदलला आणि विचारलं, "हँडलाची पकड घट्ट करू ना?"

"ती राहू द्या," बाई म्हणाल्या. "चकरीला पुढे जायची सवय आहे."

तर मित्रांनो, बातमी सापडली की लगेच उठू नका. जरा पुढे फिरवून बघा. कुणीतरी त्या चार ओळींची आयुष्यभर वाट बघत असतं. आणि एवढं माझं ऐका, छत्र्या दाराजवळच ठेवत जा.