आत्याच्या हातातलं बेकलाइट

आमची आत्या एकटी राहायची. ती आहे की गेली, एवढं विचारायलाही आमच्या घराण्यातलं कुणी फोन उचलत नव्हतं. मग वहिनीला कुठूनसं कळलं, की अगदी सुरुवातीच्या प्लॅस्टिकच्या दागिन्यांवर हौशी लोक जीव टाकतात. बेकलाइट म्हणे, जुने काळे स्विच असायचे ना, तेच. आणि आत्याच्या मनगटात तसलीच जाड, मधाच्या रंगाची बांगडी होती.

झालं. रविवारी सगळे हजर. आत्याची बोटं संधिवाताने सुजलेली, बांगडी निघेना, म्हणून परीक्षा हातातच सुरू झाली. अंगठ्याने गरम होईस्तोवर चोळायची आणि हुंगायची. औषधासारखा उग्र वास आला की माल अस्सल. दादाने आत्याचा हात मांडीवर घेतला. चोळता चोळता गप्प कसं बसायचं, म्हणून गुडघे कसे आहेत, झोप लागते का, अशी चौकशीही केली. मग वहिनीने हात धरला, मग धाकट्याने. आत्याचा चेहरा असा खुलला, की मलाच लाज वाटली यांची.

वास काही येईना. "साधं प्लॅस्टिक दिसतंय," म्हणत दादा चपला शोधायला लागला. गरज सरो, वैद्य मरो. आत्याचा हात तसाच पुढे राहिला. मेल्यांचा अस्सा राग आला मला.

दोन दिवसांनी आत्याचा वहिनीला फोन. "त्या दिवशी गारठा होता गं. आता नुसता भपकारा येतोय."

पुन्हा सगळं गणगोत गोळा. दादाने जरा चोळून हुंगलं आणि नाकच मागे घेतलं. "अस्सल," तो म्हणाला. वहिनीच्या डोळ्यांत पाणी तरळलं, वासाने की आनंदाने देव जाणे.

मी हात धुवायला बाथरूममध्ये गेले. फिनेलची बाटली उघडीच होती आणि शेजारी भिजलेला कापसाचा बोळा.

मी मुकाट्याने झाकण लावून बाहेर आले. दादा बांगडी काढायला साबण मागत होता.

"माझ्यामागे घ्या," आत्या म्हणाली. "कुणाला द्यायची ते मी ठरवीन. पण जुनी वस्तू आहे बाबा, सारखी चोळत राहावी लागते. नाहीतर वास मरतो."

वहिनीने लगेच बुधवार मागून घेतला, धाकट्याने शुक्रवार. दादाने रविवार सोडला नाही.

आत्या माझ्याकडे वळली. "तुला काय, बांगडी नकोच असेल," ती म्हणाली. "मग तू कशाला येशील?"