जर्सीच्या आतला पट्टा

"दोन्ही हात वर कर, रोली."

माझ्या नवऱ्याने एकच वर केला. दुसऱ्या हाताने त्याने भिंतीतली खुंटी धरून ठेवली होती.

"आज कुणाशी आहे?" त्याने विचारलं.

"कुणाशी नाही. आज फक्त लोकांना हात हलवून दाखवायचाय."

"मग जर्सी कशाला?"

मी जर्सीची बाही त्याच्यासमोर धरली. हार्लो फॉल्सच्या लॉगर्स या बर्फावरच्या हॉकी संघाचा आज शेवटचा सामना होता. उद्या संघ विकून दक्षिणेला जाणार होता. तिथे डिसेंबरातही लोक अर्ध्या बाह्यांचे सदरे घालून फिरतात. बर्फ त्यांनी सरबताच्या पेल्यात तेवढा पाहिलेला.

संघ काही कुणाच्या बापाने काढलेला नव्हता. माझ्या सासऱ्याच्या वेळी कागद गिरणीतली माणसं पाळी संपली की गोठलेल्या नदीवर खेळायची. त्यातून लॉगर्स उभा राहिला. बर्फाच्या मैदानाची ही इमारतही त्यांनीच रविवारी राबून बांधली. सासूबाई सांगायच्या, की बायका मोठाल्या भांड्यांतून सूप न्यायच्या आणि पुरुष विटा चढवायचे. पुढे गिरणी बंद पडली, संघ दोनदा बुडाला, आणि दोन्ही वेळेला गावाने त्याला मानगूट धरून वर काढलं. मग बाहेरचा मालक आला. तीन वर्षांत त्याने हिशेब केला, की इथल्या थंडीपेक्षा तिथल्या उन्हात हॉकी जास्त खपते.

त्याचा मॅनेजर क्रेन दोन आठवड्यांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता. दात पांढरे, बूट त्याहून चकचकीत. माझ्या हातची खिमा भरलेली तूर्तिएर त्याने दोनदा मागून घेतली.

"मिसेस पेल्की, शेवटच्या दिवशी रोलीला आणाच. गाव वेडं होईल."

"त्याला गर्दी सोसत नाही आता. कालचं आज आठवत नाही त्याला."

"फक्त पाच मिनिटं. हात हलवला की झालं." मग घास गिळून म्हणाला, "आणि जर्सी तुमची. ती काचेतली, सतरा नंबरची. त्या दिवशी अंगावर घालून यायचं आणि तशीच घरी न्यायची."

तिथेच मी विरघळले. ती जर्सी बावीस वर्षं इमारतीच्या दारात काचेमागे टांगलेली होती. उजव्या बाहीवर रक्ताचा डाग होता, तो मीच धुवून धुवून तांबूस केलेला. संघाची धुणी आणि शिवणकाम माझ्याकडेच असायचं. रोली सकाळी उठून मला नावाने हाक मारेल याचा भरवसा नव्हता. पण जर्सी दारात दिसली, की थांबून म्हणायचा, "ही माझी." मला ती घरात हवी होती. घरात निदान एक तरी गोष्ट अशी, जी बघून तो "माझी" म्हणेल. माझं मागणं एवढंच होतं.

काचेतून काढून आणली, तेव्हा शिवण उसवलेली होती आणि आतला पट्टा तुटलेला. हा पट्टा जर्सीच्या पाठीला आतून शिवतात आणि मागे पॅन्टला घट्ट अडकवतात. मारामारीत समोरचा पहिल्यांदा जर्सीच धरतो. ओढून डोक्यावर घेतली, की माणूस आंधळा, आणि वरून ठोसे. पट्टा असला की जर्सी निघत नाही. आयुष्यभर मी असे किती पट्टे शिवले असतील! रोलीच्या कामाला तर तोच लागायचा. गोल करणारी पोरं वेगळी. त्यांना कुणी हात लावला, की ज्याला पाठवायचे तो रोली. सोळा हिवाळे त्याने दुसऱ्यांसाठी डोक्यावर मार खाल्ला. गाव टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

शिवायला बसले आणि सवयीने पट्टाही शिवून टाकला. आज कुठे मारामारी होती? पण हात चालायला लागला की डोक्याला कोण विचारतो.

शेवटी रोलीने दुसरा हात वर केला. जर्सी अंगात गेली. त्याची बोटं आपोआप पाठीमागे गेली, पट्टा शोधला, पॅन्टच्या पट्ट्याभोवती फिरवून घेतला आणि बटण लावलं. ज्या माणसाच्या शर्टाची बटणं रोज सकाळी मी लावते, त्याने न बघता लावलं ते. त्याची मान ताठ झाली. मला भरून आलं. वेडीच मी. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

बर्फावर गालिचा अंथरला होता. तीन वर्षं अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळलेला संघ, आणि आज पाय ठेवायला जागा नाही. मेल्यावर खांदा द्यायला सगळे येतात. "रो-ली, रो-ली" सुरू झालं. रोलीने हात हलवला. मी बाजूला उभी राहून म्हटलं, चला, पार पडलं.

तेवढ्यात ढोल वाजायला लागले आणि समोरून बिव्हर आला. बिव्हर म्हणजे संघाचं बाहुलं, झाडं कुरतडणाऱ्या प्राण्याचं, फोमचं भलंमोठं डोकं आणि दोन पुढचे दात. आत आमचा पोस्टमन ड्वेन टेबो असतो हे गावात सगळ्यांना माहीत. बिव्हरने रोलीसमोर नाचत नाचत हातमोजे काढले आणि बर्फावर फेकले.

हॉकीत हातमोजे फेकले, की त्याचा अर्थ एकच, मारामारी.

लोक हसत होते. क्रेन कठड्यापाशी टाळ्या पिटत होता. मला कुणी सांगितलं नव्हतं. आजारी माणसाचा तमाशा करायचा आणि तिकिटं खपवायची! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात. माझ्या अंगाची आग आग झाली. मी धावले, पण वयाच्या मानाने किती धावणार.

रोली हसत नव्हता. त्याने टोपी काढून नीट गालिच्यावर ठेवली.

"चालेल?" त्याने बिव्हरला विचारलं. असं विचारून घ्यायची पद्धत असते त्यांच्यात. न विचारता कुणी मारत नाही.

बिव्हरने मान हलवली. ड्वेनला वाटलं, म्हातारा नाटकात सामील झाला.

रोलीने त्याला छातीपाशी पकडलं आणि एक हिसका दिला. फोमचं डोकं गडगडत गेलं. हशा दुप्पट झाला. खालून ड्वेनचा टकला, घामेजलेला चेहरा बाहेर आला, आणि तो घाबरला होता. मागे सरकताना त्याचा पाय गालिच्यावरून बर्फावर गेला. तो पाठीवर पडायला लागला, उघड्या डोक्याने.

रोलीची मूठ वर होती. ती उघडली. त्याने तो हात ड्वेनच्या डोक्याखाली घातला आणि त्याच्याबरोबर गुडघ्यांवर खाली गेला. रोलीची बोटं बर्फावर आपटली त्याचा आवाज मला आला. ड्वेनचं डोकं त्याच्या तळहातावर होतं.

पडणाऱ्याचं डोकं बर्फावर आपटू द्यायचं नाही. हेही त्यांच्यातलंच. मुलीचं नाव विसरला माझा नवरा, हे नाही विसरला.

हसणं हळूहळू थांबलं. रोली उठला आणि कुणाकडे न बघता पेनल्टी बॉक्सकडे चालू लागला. मारामारी केली की तिथे पाच मिनिटं बसायचं, हा नियम. ल्युसिएन बोल्डुक त्या दाराशी तरुणपणापासून उभा असतो. त्याने काही न विचारता दार उघडलं. रोली आत जाऊन बाकावर बसला.

क्रेन धावत आला. "याला बाहेर काढा. सामना सुरू करायचाय."

"पाच मिनिटं," ल्युसिएन म्हणाला.

"अहो, ही काय खरी पेनल्टी आहे का?"

"तू नियम वाचलेस का रे कधी? की नुसता संघच विकलास?"

पाहुण्या संघातल्या एका खेळाडूने आपली काठी बर्फावर आपटली. मग दुसऱ्याने. मग आमच्या पोरांनी. हॉकीवाले टाळ्या वाजवत नाहीत, काठ्या वाजवतात.

मी आत जाऊन रोलीजवळ बसले. त्याची बोटं सुजायला लागली होती.

"त्याचं डोकं?" त्याने विचारलं.

"ठीक आहे. काही नाही झालं."

"मग बरं."

ल्युसिएनने घड्याळ बघून दार उघडलं, तसा रोली समोर आमच्या संघाच्या बाकाकडे निघाला. सुटला की खेळाडूने तिकडेच जायचं असतं. पोरं सरकली आणि त्याला जागा केली. सामना संपेपर्यंत तो त्यांच्यात बसून होता. लॉगर्स हरले. ते हरायचेच.

नंतर बोळात क्रेनने आम्हाला गाठलं. हातात कापडी पिशवी होती.

"जर्सी द्या."

"ती आमची. तुम्ही बोललात, माझ्या टेबलावर बसून."

"तेव्हाचं वेगळं होतं. नव्या शहरात संघाचा इतिहास मांडायचाय, दारातच. जुन्या वस्तू लागणार. आणि आजचा कार्यक्रम तुम्ही बिघडवलात, मिसेस पेल्की."

"आम्ही बिघडवला? गरज सरो, वैद्य मरो. इतिहास हवाय तुम्हाला? हा बघा, इथे उभा आहे. याला न्या. याला भरवा, याला अंघोळ घाला, मध्यरात्री उठून विचारतो सामना कधी आहे, त्याला उत्तर द्या. नेता?"

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. रोलीच्या खांद्यावर हात ठेवून, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला, "चला काका, हात वर करा."

रोलीने दोन्ही हात वर केले. मी सांगितलं तर करत नाही.

क्रेनने जर्सी दोन्ही मुठींत धरली आणि वर ओढली. ती पोटापर्यंत आली आणि अडकली. पुन्हा ओढली. रोली जरा हलला, पाय फाकवून उभा राहिला. क्रेनच्या कपाळावर घाम आला. शेवटी जोर लावून ओढली, तर रोलीच त्याच्याकडे ओढला गेला. जर्सी तसूभर सरकली नाही.

"कुठे अडकलीय ही?" क्रेन मला म्हणाला. "तुम्हीच शिवलीय ना?"

"हो," मी म्हणाले. "मीच शिवलीय."

मी पर्स उचलली आणि रोलीचा सुजलेला हात धरला. आम्ही दाराकडे चालू लागलो, रिकाम्या काचेच्या पेटीसमोरून. तिथे रोली सवयीने थांबला. काचेत जर्सी नव्हती, अंधुकसं त्याचंच रूप दिसत होतं, छातीवर सतरा.

"ही माझी," तो म्हणाला.