निर्मनुष्य दरी

तिने बाळाला डाव्या खांद्यावर घेतलं, उजव्या हाताने माउस सरकवला आणि दरीतला विजेचा खांब पुसून टाकला. आजूबाजूचं धुकं पसरून खांबाची जागा भरून आली. मग तार गेली. मग पायवाटेवर उन्हात चमकणारी पिशवी. बाळ कुरकुरलं तशी ती बसल्या बसल्याच डोलू लागली, पण पडद्यावरची नजर काढली नाही.

काम सोपं होतं, पण किचकट. नवरा रोज उजाडताना आणि रोज मावळताना दरीसमोरच्या एकाच खडकावर उभा राहायचा. कॅमेऱ्याचा स्टँड तसूभर इकडेतिकडे होऊ नये म्हणून त्याने छिन्नीने खडकात तीन खोबण्या पाडल्या होत्या. डोंगरावर नवं हॉटेल उभं राहत होतं. चाळीस खोल्या, आणि प्रत्येक पलंगाच्या वर एकाच दिवसाचे दोन फोटो: डावीकडे सूर्योदय, उजवीकडे सूर्यास्त. दरी तीच, कडे तेच, धुकं मात्र रोजचं वेगळं. हॉटेलच्या मॅनेजरची अट एकच होती.

"दरीत माणूस नको हं, वहिनी. माणूस दिसला की दरी लहान वाटते. आणि आमच्याकडे लोक माणसांना कंटाळूनच येतात."

"मग तुम्ही कंटाळल्यावर कुठे जाता?" नवऱ्याने विचारलं होतं. मॅनेजर बेताचं हसला होता.

पुसापुशीचं काम तिच्याकडे होतं, कारण नजर तिची होती. फोटोतला केसही तिच्या तावडीतून सुटायचा नाही. चार महिन्यांपूर्वी मुलगी झाल्यापासून ती नजर जरा जास्तच धारदार झाली होती. बाळ झोपलं की दर दहा मिनिटांनी ती त्याच्या नाकाखाली बोट धरून बघायची. मन चिंती ते वैरी न चिंती, अशी तिची गत. "श्वास घ्यायला येतं तिला," नवरा म्हणायचा, "तू शिकवू नकोस."

दारात कुणीतरी चप्पल काढल्याचा आवाज आला. साठी उलटलेली एक बाई आत आली. पायांवर घोट्यापर्यंत धूळ, हातात कागदांची गुंडाळी.

"दरीचे फोटो काढतात ते इथेच ना? हॉटेलच्या रखवालदाराने सांगितलं."

"हो. आत फ्रेमा जोडताहेत. बोलावू का?"

"माझा मुलगा हरवलाय," बाई म्हणाली. घरचा पत्ता सांगावा तसं. इतक्या ठिकाणी सांगून झालं होतं की शब्द झिजून गुळगुळीत झाले होते.

तिने गुंडाळीतला एक कागद पुढे केला. तो कागद हिने चौकातल्या भिंतीवर पाहिला होता. वय चौतीस, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी, अंगात निळं जॅकेट. बाईने उरलेलं सांगितलं. तो गेल्याला आज बारा दिवस झाले. स्कूटर डोंगराच्या पाठीमागच्या रस्त्यावर सापडली, म्हणून शोधपथकाने सहा दिवस पाठचा उतार पिंजून काढला. दरीच्या बाजूला नुसता उभा कडा, तिकडे कुणी कशाला जाईल, असं सगळ्यांचं मत पडलं. मग शोध थांबला.

"पथकाचे साहेब वाईट नाहीत. म्हणाले, मावशी, एक जागा दाखवा, पुन्हा चढतो. आख्ख्या डोंगरात कुठे हात घालू? त्यांचंही बरोबर आहे." बाईने पदराने कपाळ टिपलं. "म्हटलं, रोज दोनदा फोटो निघतात, एखाद्यात कुठे दिसला तर."

तिने त्या आठवड्याचे फोटो उघडले. सोमवारची संध्याकाळ. मंगळवारची सकाळ. बुधवारची सकाळ, ज्यात दरी दुधाने काठोकाठ भरल्यासारखी पांढरी होती. बाई पडद्यापाशी वाकली. चष्मा वर करून, मग खाली करून, कपारीन् कपार बघत गेली. शेवटचा फोटो झाला तेव्हा ती सरळ उभी राहिली.

"किती स्वच्छ आहे," ती म्हणाली.

तिला ते शब्द बोचले.

"थांबा मावशी. हे साफ केलेले आहेत. मूळचे वेगळे ठेवलेत मी, जरा वेळ लागेल."

तेवढ्यात बाळाने टाहो फोडला. एका हाताने डिस्क जोडता येईना, दुसऱ्या हातात पोर राहीना.

"दे इकडे. तू तुझं काम कर."

एरवी तिने परक्या बाईच्या हाती बाळ दिलं नसतं. पण बाईचा एक हात मानेखाली आणि दुसरा पाठीखाली इतका अलगद गेला, की नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. बाई खिडकीजवळच्या बाकावर बसली. बाळ दोन उचक्या देऊन गप्प झालं.

"भांडून गेला," बाई म्हणाली. सांगत होती बाळाला. "कशावरून, तर पंख्यावरून. महिनाभर म्हणतेय, पंखा आवाज करतो, माणूस बोलाव. सोमवारी रात्री मी बोलले, तोही बोलला. मी म्हटलं, तोंड दाखवू नकोस. पहाटे उठून बघते तर अंथरूण रिकामं."

"फोन केला नाहीत?"

"मंगळवारी नाही केला. बुधवारीही नाही. म्हटलं, बसला असेल मित्राकडे फुगून. पोटात कावळे ओरडले की येईल. मीच का आधी करू? गुरुवारी दुपारी केला, तर लागेना." तिने बाळाच्या कपाळावरचे केस मागे सारले. "मंगळवारीच काही झालं असेल तर माझ्या हातात काही नव्हतं. नाही का? रोज सकाळी उठले की आधी हेच म्हणते."

डिस्क उघडली. तिने मंगळवारचा सूर्योदय मोठा केला. खांब आला, तार आली. आणि डावीकडच्या कड्याच्या मध्यावर, एका अरुंद कपारीपाशी, राखाडी ठिपका आला.

हा ठिपका तिला चांगला आठवत होता. तो तिने धूळ समजून काढला होता, आणि तिच्या धंद्यातल्या कुणीही तेच केलं असतं. कॅमेऱ्याच्या पोटातल्या काचेवर धुळीचा कण बसला की तो प्रत्येक फोटोत त्याच जागी उमटतो. माणूस हलतो, गुरं हलतात, पक्षी उडतात. सकाळी आणि संध्याकाळी एकाच जागी राहते ती धूळ. कॅमेऱ्याची जागा खडकात कोरलेली, ठिपक्याची जागाही जिथल्या तिथे, मग शंका कसली घ्यायची? तिने एक लहानसा गोल त्यावर ठेवून बोट दाबलं होतं.

आता तिने तो वाढवत नेला. राखाडी रंग फुटला आणि आतून निळ्या रंगाचे पाच-सहा चौकोन निघाले. उभट. कपारीत कुणीतरी बसलेलं असावं तसे.

मंगळवारची संध्याकाळ उघडली. ठिपका तिथेच, बसलेला. बुधवारी सकाळी सगळं धुक्यात. बुधवारी संध्याकाळी ठिपका तिथेच, पण आडवा. या वेळी गोल जरा रुंद करावा लागला होता, हेही तिला आठवलं. गुरुवारी उजाडताना तो पुन्हा उभट होता, आणि मंगळवारपेक्षा उंच. गुरुवारी संध्याकाळी कपार मोकळी होती. शुक्रवारीही. कपारीखाली कडा थेट गेला होता, नजर पोचेल तिथवर.

नवरा फ्रेमेच्या पट्ट्या घेऊन बाहेर आला, तेव्हा तिने पडदा त्याच्याकडे वळवला आणि हळू आवाजात विचारलं, "गुरुवारी दिवसा कॅमेरा साफ केला होतास?"

"नाही. का?"

"त्या आठवड्यात कधी?"

"अगं, तो साफ करायला शहरात द्यावा लागतो. दोन महिन्यांत दिलेला नाही."

तिने एकेक फोटो पुढे सरकवला. तो पट्ट्या हातात धरून बघत राहिला. हरवलेल्या माणसाचा कागद टेबलावर उताणा पडला होता. त्याने तो वाचला, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"धूळ असेल," तो पुटपुटला.

"धूळ आडवी होऊन परत उठत नाही."

"मी तिथे होतो." त्याने पट्ट्या खाली ठेवल्या, एकही वाजू न देता. "समोर. चार वेळा. कॅमेरा याच्यावरच रोखलेला होता. वारा किती असतो तुला माहीत आहे, हाक मारली तरी..." त्याने वाक्य सोडून दिलं. "मी थर्मासमधला चहा पीत होतो."

"तू धुकं बघत होतास."

"तेच म्हणतोय मी."

तो फोटो काढून घरी येत होता, आणि त्याच संध्याकाळी ती या टेबलापाशी बसून ठिपका पुसत होती. बुधवारी तर बाळाला पाजता पाजता. त्याने पाहिलंच नव्हतं. तिने पाहिलं होतं, चार-चारदा, डोळ्यांत तेल घालून.

"सापडलं का गं काही?" खिडकीकडून आवाज आला. बाळ झोपलं होतं, म्हणून दबका.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग मंगळवारची सकाळ ठेवून बाकीचे सगळे फोटो बंद केले.

"या मावशी. एक बघा."

बाई बाळाला छातीशी धरून आली. निळ्या चौकोनांपुढे ती बराच वेळ उभी राहिली. पडद्याला हात लावायला एक हात सुटा झाला होता, तो तिने पुन्हा बाळाखाली नेला.

"टोपी नेली नव्हती त्याने," ती म्हणाली.

नवऱ्याने शोधपथकाच्या साहेबांचा नंबर कागदावरून घेतला आणि दारात जाऊन फोन लावला. त्याचे तुटक शब्द आत येत होते. दरीच्या बाजूने, हो, पाठीमागे नाही. डावा कडा, मधोमध. कपारीत नसेल, कपारीच्या खाली बघावं लागेल. तो परत आला.

"उद्या सकाळी चढतो म्हणाले. आज धुकं उतरलंय, दोर टाकता येणार नाहीत."

बाईने मान हलवली. ती पडद्यावरून नजर काढत नव्हती.

"कधीचा हा?"

"मंगळवारचा. उजाडतानाचा."

"नंतरच्यात?"

नवऱ्याने खाली वाकून पट्ट्या उचलल्या आणि लांबीप्रमाणे लावू लागला. त्या सगळ्या एकाच लांबीच्या होत्या.

"नंतरच्यात नाही," ती म्हणाली. "संध्याकाळचा बघितला मी. कपार मोकळी आहे."

"म्हणजे मंगळवारीच."

"हो."

"लगेच."

"लगेचच असणार, मावशी. त्यांना कळलंही नसेल."

बोलताना ती टेबलाच्या कडेवरून नख फिरवत होती. तिथे वार्निशचा एक थेंब वाळून घट्ट झाला होता.

बाई खुर्चीत बसली. बाळाची एक मूठ तिच्या पदरात अडकली होती, ती बोट बोट करून तिने सोडवली.

"तेहतीस वर्षं वॉर्डात काढली मी," ती म्हणाली. "नातेवाईक बाहेर व्हरांड्यात गाठायचे. सिस्टर, शेवटी त्रास नाही ना झाला? मी सांगायचे, नाही हो, लगेच गेले, कळलंही नसेल त्यांना." ती थांबली. "तोंडाकडे बघून कधी सांगितलं नाही. कुठेतरी काहीतरी खरवडत असायचे, असंच."

टेबलावरचं नख थांबलं. बाहेर धुकं रस्त्यापर्यंत आलं होतं आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचता येत नव्हती.

"मग ते काय म्हणायचे?" तिने शेवटी विचारलं.

"काय म्हणणार? बरं म्हणायचे. आणि उठायचे."

बाई उठली. तिने बाळाला दोन्ही हातांवर आडवं घेतलं आणि पुढे केलं.

"बरं," ती म्हणाली. "मान धर आधी. धरलीस? हं, आता मी हात काढते."