काहिलीचं पोट

त्या दिशी चुलवान पेटायच्या आदीच भांडान पेटलं. आन पेटवलं कुनी, तर सिंधूनं. एरवी तिच्या तोंडातनं शब्द पडायचा न्हाय.

निरवांगीला सर्जेरावाच्या गुऱ्हाळावर आमी दोघी कामाला. उसाचा रस उकळायची ती भली थोरली लोखंडी काहील घासायची आन वाळली चिपाडं चुलवानापाशी टाकायची, ह्ये आमचं काम. सिंधूचा घरधनी कुंडलिक चुलवान्या. काहिलीखाली भुईत खड्डा. त्या खड्ड्यात चुलवानाच्या तोंडाम्होरं बसून दिसभर जाळ घालायचा. वर रस उकळतोय, खाली मानूस भाजतोय.

सकाळी काहील घासून झाली आन सिंधूनं तिला बोटाच्या पेरानं वाजवलं. बाजारात मडकं घेताना आपुन वाजवतो की न्हाय, तसं. एका अंगाला टन्‌ झालं. दुसऱ्या अंगाला बद्द.

“प्रयागा, तू वाजव,” मला म्हनली. म्या वाजवलं. बद्दच की.

त्या काहिलीचं पोट दर हंगामाला जाळानं खाली सुटायचं. दर साली सर्जेराव लोहाराकडनं ते ठोकून वर बसवून घ्यायचा आन म्हनायचा, नवी झाली. नवी कसली, बया! म्हातारीला हळद लावली म्हनून ती काय नवरी हुती व्हय? आन ते बूड फाटलं तर उकळता रस जाळात पडनार, समदी वाफ चुलवान्याच्या अंगावर.

सिंधू सरळ सर्जेरावाम्होरं जाऊन हुबी ऱ्हायली. ही काहील आज चढवू नका म्हनली. त्यो हसला. चरकाला बैलं फिरत हुती, रस थांबला की आंबतो. मडकं फुटतं, म्हनला, लोखंड काय दमतंय व्हय?

चरकापाशी तारंचा तुकडा पडला हुता. सिंधूनं त्यो उचलला, हिकडं वाकवला, तिकडं वाकवला, परत हिकडं. तार ऊन झाली आन तुटली. दोनी तुकडं तिनं त्येच्या हातावर ठिवलं.

“ही कशानं तुटली, आबा? म्या जोर केला न्हाय. निस्ती वाकवली.”

सर्जेराव चिडला. आन कुंडलिक उलटा तिलाच गप म्हनाय लागला. मालकाम्होरं त्येची मान कवा वर झाली न्हवती. असा राग आला मला त्येचा!

“मंग ह्यांच्या जागी तुमी बसा,” सिंधू सर्जेरावाला म्हनली. “येक काहील तुमी जाळ घाला.”

चार मानसं ऐकत हुती. सर्जेरावाचा हात मिशीवर गेला. धोतर खोचून उतरला खड्ड्यात.

रस उकळाय लागला आन आमचा कुनाचाच जीव थाऱ्यावर ऱ्हाईना. सिंधू काठावर बसली, उठली, परत बसली. काहील तापली की कट्‌कट्‌ वाजतीच, रोज वाजायची. पर त्या दिशी दर आवाजाला सर्जेराव मागं सरकायचा, चिपाड हातातच ऱ्हायचं. जाळ मंदावला की रस ढवळनारा गुळव्या वरनं वरडायचा. सर्जेराव घाम पुसत सिंधूकडं बघायचा आन सिंधू त्येच्याकडं. मालकाकडं असं तिनं कवा बघितलं न्हवतं.

मंग येक थेंब पडला. जाळात चर्र झालं. लगी दुसरा.

सर्जेराव खड्ड्यातनं भायेर कसा आला ते त्येलाबी ठावं नसंल. आमी मागं पळतोय तवर बूड उकललं आन समदा रस चुलवानात. वाफंचा आन राखंचा असा लोट फुटला की खड्डा दिसंना. सर्जेरावाचं पागोटं आतच ऱ्हायलं हुतं, आन कुंडलिकाची बसायची गोनपाटाची घडीबी. दोनी शिजून निघाली.

कुंडलिक त्या घडीकडं बघत ऱ्हायला. मंग खाली बसला आन त्येला रडू फुटलं. सिंधूनं समद्यांदेखत त्येचा हात धरला.

बारामतीहून नवी काहील आली. सर्जेरावानं हळदीकुकू आनलं, सिंधूला बोलावलं आन चारचौघांत सांगितलं, सवाशिनीनं काहील वाजवायची, ही आमच्या आज्याची चाल हाय. आज्याची म्हनं! माझ्या व्हटावर आलंच हुतं, पर सिंधूनं मला चिमटा काढला.

तिनं काठापसनं बुडापतूर काहील वाजवली. मानसं ताटकळली, पर तिनं घाई केली न्हाय. पार समाधान झालं तवा कुंडलिकाकडं वळली.

“उतरा आता खाली,” म्हनली.