कळंबचे दिवे

“शहादेवराव, कळंब कुठं गेलं?”

विठ्ठलराव सरांनी मागून विचारलं आणि शहादेवनं हातातला दांडा आणखीच घट्ट आवळला. समोर संगणकाच्या तीन पडद्यांवर काळीकुट्ट रात्र पसरली होती. बाहेर केजमध्ये मात्र दुपारचे तीन वाजले होते आणि मे महिन्याचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. खिडक्यांना काळं कापड लावलं होतं. कोपऱ्यात कूलर होता, पण त्यात घालायला पाणी कुठलं?

“कळंब आलंच न्हाई की आजून, सर.”

“न्हाई कसं? कवाच मागं गेलं!” सुंदरराव हसला. त्याचं बसस्टँडजवळ औषधाचं दुकान होतं. “आख्खं गाव गिळलं का बे? ढेकर तरी दे!”

सगळे हसले. शहादेवही हसला, पण त्याच्या कानशिलावरून घामाची धार ओघळली. सलग तिसऱ्या रविवारी तो वाट चुकला होता.

हे केजचं उड्डाण मंडळ. विठ्ठलराव भूगोलाचे मास्तर. निवृत्त झाल्यावर मुलानं दिलेल्या संगणकावर विमान चालवायचा नाद त्यांना लागला, आणि बघता बघता त्यांनी आणखी पाच जणांना तो लावला. जागा दूध संघाची होती. ज्या खोलीत एके काळी सहकारी संघाचं दूध थंड व्हायचं, तीच ही खोली. दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. चारा संपला, जनावरं छावणीला गेली, दूध आटलं आणि केंद्राला कुलूप लागलं. सत्तावीस वर्षं इथलं यंत्र चालवणाऱ्या शहादेवकडे नुसती किल्ली उरली. पहिल्या रविवारी तो दार उघडायला आला, दुसऱ्या रविवारी वायरिंग नीट करून द्यायला, आणि तिसऱ्या रविवारी स्वतःच खुर्चीत बसला. पायाखालचे पेडल त्यानंच भंगारातून बनवले होते.

या महिन्यात रात्रीचा सराव होता. नियम सोपे होते. हातात नकाशा, घड्याळ आणि होकायंत्र; बाकीची वाट खालच्या दिव्यांवरून काढायची. लातूरहून निघायचं, केज गाठायचं, तिथून बीड. सर सांगायचे, “रात्री गाव म्हणजे दिव्यांचा पुंजका, रस्ता म्हणजे मुंग्यांची रांग, आणि पाणी म्हणजे निव्वळ अंधार.” अकराव्या मिनिटाला डाव्या हाताला मांजरा धरणाचा अंधार लागायचा. खरं धरण त्या साली तळाला गेलं होतं. संगणकातलं मात्र काठोकाठ भरलेलं. ते आलं की कुणीतरी हमखास म्हणायचं, “एखादी घागर बुडवून घ्या रे!” पुढं पंधराव्या मिनिटाला, त्याच बाजूला, कळंब. ते दिसलं की केज आलंच समजायचं.

शहादेवला ना धरण दिसलं होतं, ना कळंब.

तो खुर्चीतून उठला. “जाऊ द्या सर. आपल्या डोक्याचं काम न्हाई हे. तसंबी उद्यापासून मला वेळ न्हाई. टँकरवर डायवर म्हनून लागलोय. सकाळपासून वस्त्यांवर पानी वाटायचंय.” त्यानं कमरेची किल्ली सोडून सरांच्या टेबलावर ठेवली.

कुणी काही बोलायच्या आत मनकर्णा पुढं आली. केजच्या सरकारी दवाखान्यात ती नर्स होती, मंडळात सगळे तिला सिस्टर म्हणायचे. उंचीनं एवढीशी, पण दिव्यांवरून वाट काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मघापासून ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती शहादेवच्या डोळ्यांकडे बघत होती.

“दादा, जरा बसा.”

“कावून?”

“बसा म्हनते ना. सर, लाईट लावा.”

ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. “उजवा डोळा तळहातानं झाका. माज्या नाकाकडं बघा. नजर हलवायची न्हाई. आता सांगा, बोटं किती?”

“कोनती बोटं?”

मनकर्णाचा हात त्याच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर, सगळ्यांना दिसेल असा उभा होता. ती बोटं हळूहळू आत आणत गेली. नाकासमोर आल्यावर शहादेव म्हणाला, “हां, दोन.”

सुंदररावच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

“दादा, गाडी चालवताना डाव्या बाजूचं कुनी एकदम पुढ्यात आल्यासारखं होतं का?”

“होतं कवा कवा. परवा सायकलवाला आला आसाच. लोकं नीट चालवत न्हाईत, सिस्टर.”

“लोकं नीटच चालवत्यात,” ती हलकेच म्हणाली. “उद्या टँकरवर जायचं न्हाई. उद्या माज्यासंगं अंबाजोगाईला यायचं, मोठ्या दवाखान्यात.”

शहादेवला राग आला. सहा महिने हिंडून हे काम मिळालं होतं. “खेळातलं एक गाव दिसलं न्हाई म्हनून मी भाकरी सोडू का?”

मनकर्णानं आवाज चढवला नाही. “वस्तीवर टँकर आला की काय होतं, तुमाला ठावं हाय. थांबायच्या आदी बाया-लेकरं घागरी घेऊन चाकाला भिडत्यात. आन् डाव्या बाजूनंबी भिडत्यात, दादा.”

तो तसाच दाराबाहेर पडला. घरी गेल्यावर त्यानं बायकोला, गीताबाईला, सगळं सांगितलं. वाटलं, ही तरी आपली बाजू घेईल. गीताबाई भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, “साल झालं, डाव्या अंगाला वाटी ठिवली की तुमी सांडता. मला वाटलं, केंद्र बंद पडल्यानं तुमचं चित्त ठिकानावर न्हाई.” मग पिठाच्या हातानंच तिनं डोळ्याला पदर लावला. “सिस्टरसंगं जावा.”

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी दिवसभर तपासलं. काचबिंदू होता. दुखत नाही, खुपत नाही, मुकाट्यानं नजर कुरतडतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. डावा डोळा बराचसा गेला होता आणि गेलेलं परत येणार नव्हतं. उजव्यालाही सुरुवात झाली होती. “पण हा वाचेल,” डॉक्टर म्हणाले. “थेंब चुकवायचे नाहीत. आणखी वर्षभर आला नसतात, तर दोन्ही गेले असते. कुणाच्या लक्षात आलं हे?”

शहादेवनं बाकावर बसलेल्या मनकर्णाकडे बोट दाखवलं. परतीच्या एसटीत केज येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. उतरताना एवढंच म्हणाला, “सिस्टर, येखाद्या लेकराला लागलं आसतं, तर मी जगलो नसतो.”

टँकरचं काम गेलं. पण सुंदरराव, ज्यानं त्याची टिंगल केली होती, तोच दोन दिवस तहसिलीत खेटे घालत राहिला. जिथं टँकर भरायचे, त्या विहिरीवरची मोटर सांभाळायला जाणता माणूस हवाच होता. पुढच्या आठवड्यापासून शहादेव तिथं बसू लागला. मोटरचा आवाज जरा बदलला, तरी त्याला न बघता कळायचं.

रविवारी तो मंडळात आला, ते काखेत एक बोचकं घेऊन. त्यात लाकडी ठोकळे बसवलेले दोन नवे पेडल होते. मनकर्णाचे पाय जुन्या पेडलना पुरायचे नाहीत, ती खुर्चीच्या टोकावर बसून विमान चालवायची, हे त्यानं कधीच हेरलं होतं. त्यानं खाली वाकून पेडल बसवले. “टेका पाय.”

मनकर्णानं पाय टेकले आणि पहिल्यांदाच खुर्चीला पाठ लावली. “एवढं कशाला, दादा?”

“आसू द्या,” तो म्हणाला.

मग सरांनी त्यालाच खुर्चीत बसवलं. “आज मान वळवायची. डोळा जात नाही तिथं मान न्यायची. दर मिनिटाला, ठरवून.”

लातूरचे दिवे मागं पडले. शहादेव दर मिनिटाला खांद्यापर्यंत मान वळवत होता. अकराव्या मिनिटाला अंधाराचा एक मोठा तुकडा आला. घागरीचं कुणी बोललं नाही. पंधराव्या मिनिटाला त्यानं पुन्हा मान वळवली, आणि पडद्याच्या कडेला दिव्यांचा लहानसा पुंजका होता. कुणीतरी मूठभर लाह्या सांडाव्यात तसा.

“कळंब,” तो म्हणाला. “डावीकडं हाय, सर.”

“हाय!” सुंदरराव सगळ्यांत मोठ्यानं ओरडला.

सरांनी टेबलावरची किल्ली उचलून त्याच्या हातात दिली. कुलूप लावून तो बाहेर आला, तेव्हा उन्हं कलली होती आणि फाटकाशी गीताबाई उभी होती. एकोणतीस वर्षांच्या संसारात ती रस्त्यानं नेहमी त्याच्या चार पावलं मागून चाललेली. आज ती पुढं आली, त्याच्या डाव्या अंगाला झाली, आणि मोटारसायकली, हातगाडे, सोडलेली गुरं यांच्यातून दोघं खांद्याला खांदा लावून घराकडे चालू लागली.